मांडवीच्या बेटांवरून दोन दिवस: चोडण, नार्वे, दिवाडी आणि जुवें असा फेरा कसा आखावा

काही वर्षांपूर्वी सासरची मंडळी गोव्यात आली होती. समुद्र बघून झाला, म्हणून त्यांना चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात होडीतून फिरवायचे ठरवले. निवांत नाश्ता करून अकराच्या सुमाराला धक्क्यावर पोचलो. होडीवाला होडी धुवत बसला होता. त्याने आमच्याकडे आणि मग खाडीकडे पाहिले आणि एवढेच म्हणाला, "बाब, उदक ना." खाडीत खरोखरच पाणी नव्हते. तिवरांची मुळे चिखलावर उघडी पडली होती आणि आत शिरणाऱ्या वाटेत गुडघाभर गाळ होता. त्या दिवशी सप्तमी होती. घरातून निघताना भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे एकदा पाहिले असते तर हे आधीच कळले असते.

त्यानंतर मी हा फेरा पुष्कळ वेळा केला. कधी स्कूटरवरून, कधी कुटुंबासोबत कारने, एकदा भर पावसात. आता कोणी विचारले की मी नकाशा मागाहून काढतो, आधी तिथी विचारतो. पणजीहून निघून चोडण, मये, नार्वे, दिवाडी, जुने गोवे, जुवें, माशेल आणि कुंभारजुवें करून परत पणजीला आलात तरी गाडीचे अंतर ऐंशी किलोमीटरच्या आत राहते. एवढे अंतर दोन तासांत कापता येईल. दोन दिवस लागतात ते फेरीबोटी, भरती-ओहोटी आणि पायी चालण्यासाठी, आणि तेच या सहलीचे खरे सुख आहे.

आधी तिथी, मग तारीख

कोकणातले जुने मच्छीमार वापरतात तो हिशेब इथेही चालतो. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ कळते. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या आसपास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. चतुर्थीला तीन. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर, म्हणून रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. नदीत आत गेल्यावर पाणी किनाऱ्यापेक्षा थोडे उशिरा चढते, तेवढी अर्ध्या-पाऊण तासाची सूट धरा. हा अंदाज आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी मुरगाव बंदराचे भरतीचे कोष्टक मोबाइलवर पाहून वेळ पक्की करा.

आता तुम्हाला काय पाहायचे आहे त्यावर तारीख ठरते. चिखलावर उतरणारे पक्षी पाहायचे असतील तर सकाळी आठच्या आसपास ओहोटी हवी, म्हणजे द्वितीया ते चतुर्थी. होडीतून कांदळवनात शिरायचे असेल तर सकाळची भरती हवी, म्हणजे दशमी ते द्वादशी. दोन्ही एकाच सकाळी मिळत नाही. लहान मुले सोबत असतील तर मी होडीची तिथी निवडतो, दुर्बीणवाले मित्र असतील तर चिखलाची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी जास्त चढते आणि जास्त ओसरते. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, तेव्हा चढ-उतार कमी.

ऋतूचे म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगला. स्थलांतरित पक्षी आलेले असतात, भात कापून झालेले असते, वाटा सुकलेल्या असतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे चालणे अंगावर येते. पावसाळ्यात बेटे इतकी हिरवी होतात की डोळे निवतात, पण जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ साचते आणि नदीला जोर आला की फेरीबोट मध्येच थांबवतात. पावसात जायचे असेल तर ऑगस्टचा चौथा शनिवार धरा. त्या दिवशी दिवाडीच्या पिएदाद वाड्यावर बोंदेरां असतो. वाड्यावाड्यांमधल्या सीमांच्या जुन्या भांडणांची आठवण म्हणून रंगीत निशाणांची मिरवणूक निघते आणि पोरे बांबूच्या फोटाशीतून, म्हणजे खेळण्यातल्या नळीच्या बंदुकीतून, फळे उडवतात. त्या दिवशी बेटावर गाडी नेऊ नका. जुन्या गोव्यात ठेवा आणि चालत फेरीत चढा.

गाडी, फेरीबोट आणि सामान

दोघांसाठी स्कूटर सर्वांत सोयीची. बेटांवरचे रस्ते अरुंद आहेत, समोरून बस आली की कारला मागे घ्यावे लागते. गाडी भाड्याने घेत असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, तीच अधिकृत भाड्याची. पेट्रोल पणजीत भरा.

फेरीबोट नदी परिवहन खाते चालवते. पायी माणसाला आणि दुचाकीला पैसे पडत नाहीत, कारला थोडे शुल्क असते, त्यासाठी सुटे पैसे खिशात ठेवा. रायबंदर–चोडण मार्गावर २०२५ च्या जुलैपासून मोठ्या रो-रो बोटीही (एका बाजूने गाडी चढवून दुसरीकडे चालवत उतरवता येते अशा) आल्या आहेत. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार लांब आणि चिखलाने निसरडा होतो. स्कूटरवर मागे बसलेल्याने तिथे उतरून चालत जावे, चालवणाऱ्याने ब्रेक एकदम दाबू नये. बोटीत खलाशी हात दाखवेल तिथे गाडी लावा, इंजिन बंद करा, कार असेल तर हँडब्रेक ओढा आणि खाली उतरून कठड्यापाशी उभे राहा. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर नोकरदारांची गर्दी असते. ती माणसे रोज याच बोटीने कामावर जातात, म्हणून रांगेत घुसू नका. शेवटची फेरी किती वाजता, हे मात्र प्रत्येक धक्क्यावर उतरल्या उतरल्या विचारून ठेवा. पाटीवरच्या वेळेपेक्षा खलाशाच्या सांगण्यावर विश्वास ठेवा.

सामान कमी असू द्या. टाचेला पकड असलेले बूट, टोपी, पाण्याच्या दोन बाटल्या, डासांसाठी मलम, दुर्बीण, एक पंचा. खाण्यासाठी काहीतरी जवळ ठेवाच, कारण दुपारी एक ते चार बेटांवरची दुकाने बंद असतात. सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो, त्याच्याकडून उंडे आणि पोळी हे इथले पाव घेऊन ठेवले की दिवस निभावतो.

पहिली सकाळ: रायबंदर ते चोडण

साडेसहाला पणजी सोडा. पाटो ओलांडला की रायबंदरकडे जाणारा लांबलचक बांधरस्ता लागतो. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदे दि लिन्यारिस याच्या काळात, १६३३-३४ मध्ये बांधलेला हा दगडी पूल सुमारे तीन किलोमीटरचा आहे. आजही रोजची वाहतूक त्याच्यावरून जाते. उजव्या हाताला मिठागरांची पाणथळ जमीन आणि डावीकडे मांडवी. इथे थांबायला जागा नाही, म्हणून गाडी हळू चालवा आणि मागच्याला बघू द्या.

रायबंदरच्या धक्क्यावरून चोडण दहा-एक मिनिटांत. उतरल्यावर अभयारण्याचे प्रवेशद्वार धक्क्यापासून चालत काही मिनिटांवर आहे. गाडी बाहेर लावा. बेटाच्या पश्चिम टोकाचा हा १.७८ चौरस किलोमीटरचा कांदळवनाचा तुकडा १९८८ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि आदल्याच वर्षी निधन झालेल्या सलीम अलींचे नाव त्याला मिळाले.

वाट सपाट आहे, म्हातारी माणसेही चालू शकतात. पण भराभर चालून जाल तर झाडांखेरीज काही दिसणार नाही. शंभर पावले चाला, पाच मिनिटे थांबा. ओहोटी असेल तर चिखल हळूहळू जागा होतो. आधी फक्त बुडबुडे दिसतात, मग बिळाबिळातून खेकडे बाहेर येतात. नराची एकच नांगी त्याच्या अंगाएवढी मोठी असते आणि ती वर-खाली हलवत तो मादीला बोलावत असतो. निवट्या चिखलावरून उड्या मारतात. हा मासा पाण्याबाहेर श्वास घेऊ शकतो, मात्र अंग ओले राहावे म्हणून अधूनमधून डबक्यात लोळण घेतो. मुलांना इथे अर्धा तास सहज लागतो, घाई करू नका. पक्ष्यांमध्ये वंचक आणि बगळे बारा महिने. हिवाळ्यात शेकाटे, तुतवार, लांब वाकड्या चोचीचे कोरल, आणि नशीब असेल तर काळ्या डोक्याचा खंड्या. ब्राह्मणी घारी डोक्यावर घिरट्या घालतच असतात.

एक गोष्ट जरूर करा. तिवराचे पान झाडावरच राहू द्या आणि त्याच्यावरून बोट फिरवून जिभेला लावा. खारट लागते. मुळांतून शिरलेले मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. सकाळच्या उन्हात पानावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. जमिनीतून पेन्सिलीसारखी वर आलेली टोके म्हणजे त्याचीच श्वासाची मुळे, त्यांच्यावर पाय देऊ नका. पान किंवा फांदी तोडू तर नकाच. अभयारण्याचा नियम आहेच, शिवाय इथे गेव्यासारखी झाडेही आहेत, ज्यांचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजून बंद होतो.

होडीची सफर करायची असेल तर होडीवाल्याशी आदल्या दिवशीच बोलून घ्या. पूर्ण भरतीच्या एक तास आधी निघणे उत्तम, म्हणजे पाणी चढत असताना आत जाता आणि अडकायची भीती राहत नाही.

चोडण गाव आणि मयेकडे

अभयारण्य पाहून लोक लगेच परत फिरतात, हे मला कळत नाही. गाव अजून पुढेच आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाजन शेते (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली), मध्येच पांढरी चर्च, जुनी घरे, ओसरीवर बसलेली माणसे. साडेनऊ-दहाला एखाद्या छोट्या हॉटेलात पातळ भाजी आणि पाव खा, सोबत चहा.

चोडणचा जुना इतिहास समजून घ्यायचा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, ती दुसऱ्या दिवशी कामाला येईल. सोळाव्या शतकात तिसवाडीतली (पणजी आणि ही बेटे ज्यात येतात त्या तालुक्यातली) देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी देव होडीत घालून नदीपार नेले, जिथे पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. चोडणचा देवकीकृष्ण आधी मयेला गेला आणि तिथून माशेलला. आपला पहिल्या दिवसाचा रस्ता तोच आहे, चोडणहून पूल ओलांडून मये. तिथे तळ्याच्या काठी झाडाखाली बसून डबा खायला हरकत नाही. उन्हाची वेळ तिथेच काढा.

नार्वे आणि पुन्हा नदीकडे

मयेहून नार्वेला जाणारा रस्ता झाडांमधून उतरत जातो. दुपारी तीनच्या पुढे सप्तकोटीश्वराच्या देवळात पोचा. गोव्यावर राज्य केलेल्या कदंब राजांचे हे कुलदैवत. त्यांच्या नाण्यांवर 'श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' अशी अक्षरे आहेत. मूळ देऊळ समोरच्या दिवाडी बेटावर होते. ते उद्ध्वस्त झाल्यावर लिंग इकडे आणले गेले आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धाराची आज्ञा केली. दारावरचा शिलालेख वाचा, वर्ष आणि महिना त्यात आहे. देऊळ आकाराने लहान आहे, घुमटाकार शिखर, समोर दीपस्तंभ, बाजूला जांभ्यात कोरलेले जुने अवशेष. सरकारने केलेल्या दुरुस्तीनंतर २०२३ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुले झाले. आत आवाज घुमतो, म्हणून मोबाइल बंद ठेवा.

पाच वाजेपर्यंत नार्वेच्या धक्क्यावर या. इथे नदी रुंद आणि शांत आहे, कधीकधी खनिजाची बार्ज संथपणे जाताना दिसते. ही फेरी छोटी, गर्दी कमी. पलीकडे दिवाडीवर उतरलात की मुक्कामाच्या घरी काळोख पडायच्या आत पोचा, कारण शेतांमधल्या रस्त्यांवर दिवे विरळ आहेत आणि गुरे रस्त्यात बसलेली असतात. दिवाडीवर होमस्टे आहेत, शनिवार-रविवारसाठी आधी बोलून ठेवा. जेवणाचेही त्यांनाच सांगून ठेवा. सोमवारी किंवा गुरुवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, हवे असेल तर तसे आधी स्पष्ट सांगा, म्हणजे यजमान बाईंची धावपळ होत नाही.

दुसरी पहाट: दिवाडीचा बांध

या संपूर्ण फेऱ्यातले माझे सर्वांत आवडते दोन तास म्हणजे हे. सहाला उठा, चहा घ्या आणि मालारच्या बाजूच्या खाजनाकडे चालत जा. वाट विचारावी लागेल. वडीलधाऱ्या बाप्याला 'बाब' म्हणा, बाईला 'बाय' म्हणा, आधी 'देव बरो दीस दिवं' म्हणून मग विचारा. वाट तर मिळतेच, कधी पुढचा अर्धा किलोमीटर सोबतही मिळते.

खाजन म्हणजे नदीच्या भरतीच्या पातळीखालची शेतजमीन. मातीचा बांध घालून ती खाऱ्या पाण्यापासून वाचवलेली. या बांधावरूनच चालायचे आहे. एका हाताला तिवर आणि नदी, दुसऱ्या हाताला शेत, आणि नदीचे पाणी शेतापेक्षा उंच असल्याचे भरतीच्या वेळी डोळ्यांना दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे पटकन पटत नाही. चालत गेलात की मानस लागेल. तिथे मात्र बसाच.

मानस म्हणजे बांधातले दार. दगडी चौकट आणि त्यात वरून टांगलेल्या लाकडी फळ्या. ओहोटी लागली की आतले पाणी फळीला ढकलून बाहेर पडते. भरती आली की नदीचेच पाणी फळीला बाहेरून दाबते आणि दार आपोआप बंद होते. दाराला ना कुलूप लागते, ना वीज. मी एकदा पाणी फिरण्याच्या वेळेला तिथे बसलो होतो. आधी पाणी खळखळत बाहेर जात होते. मग आवाज कमी होत गेला. मग काही मिनिटे काहीच हलले नाही, एक सुकलेले पान एकाच जागी गोल फिरत राहिले. आणि मग फळी किंचित थरथरली आणि 'थप्प' असा ओला आवाज करून चौकटीला टेकली. त्यानंतर फटींतून बारीक धारा तेवढ्या येत राहिल्या. शेकडो वर्षे या बेटांवरचे भात या एका हालचालीवर पिकत आले आहे. कोरगुट नावाचा इथला तांदूळ थोडा खारटपणा सोसतो, म्हणून तो खाजनात लावतात. मानशीत जाळे लावून मासे आणि सुंगटे (कोळंबी) पकडायचा हक्क लिलावाने दिला जातो, तेव्हा तिथली जाळी, दोऱ्या, फळ्या यांना हात लावू नका. आणि बांध कुठे खचलेला दिसला किंवा नवी ओली माती टाकलेली दिसली तर परत फिरा. एका पावलाने पडलेली भेग पुढच्या उधाणाला मोठी होते आणि एकदा खारे पाणी शिरले की ती शेती पुन्हा पिकती व्हायला काही पावसाळे जावे लागतात.

पिएदादची टेकडी

बांधावरून परत आलात, आंघोळ-नाश्ता झाला की साडेआठला पिएदादच्या टेकडीवर चढा. गाडी वरपर्यंत जाते, पण चालत जा, वीस मिनिटांची चढण आहे. वर पांढरेशुभ्र चर्च, आणि त्याच्या अंगणातून दिसणारे दृश्य असे की मांडवी, पलीकडचे जुन्या गोव्याचे मनोरे, खालची शेते आणि बेटावरून जाणारा कोकण रेल्वेचा मार्ग एकाच नजरेत येतात. रेल्वे बेटावरून जाते, पण थांबत नाही. इथे पूर्वी गणपतीचे देऊळ होते. चर्चच्या शेजारच्या दफनभूमीतल्या जुन्या छोट्या कपेलात (प्रार्थनाघरात) जाऊन पाहा, कदंबकालीन देवळाचे कोरीव दगडकाम तिथे अजून शाबूत आहे. ही जागा लोकांच्या आप्तांची आहे, म्हणून हळू बोला, थडग्यांवर बसू नका, प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा.

वेळ हाताशी असेल तर बेटाच्या नार्वे बाजूला कोटीतीर्थाच्या तळ्याचे अवशेषही पाहता येतील. काल ज्या देवाचे दर्शन घेतले त्याचे मूळ ठिकाण हेच. ज्यांना इतिहासाचे वेड आहे त्यांनी हे चुकवू नये, बाकीच्यांनी टेकडीवरच अर्धा तास जास्त बसावे.

जुने गोवे आणि जुवें

पिएदादच्या धक्क्यावरून जुन्या गोव्याची फेरी पाच-सहा मिनिटांत पलीकडे पोचवते. उतरलात की समोर व्हाइसरॉयची कमान. बॉम जेझू आणि से कॅथेड्रल १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. ती पाहायची असतील तर वेगळा अर्धा दिवस द्या. या फेऱ्यात मी तिथे थांबत नाही, सरळ धावजीच्या धक्क्याकडे वळतो, कारण जुवेंला उन्हाआधी पोचायचे असते.

जुवें, म्हणजे सांत इस्तेव, हे भाजीचे बेट. सात शिरांचा इथला भेंडा लांबसडक असतो, बाजारात बघितल्यावर ओळखता येतो. रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन कोणी बसलेली दिसली तर घासाघीस न करता घ्या. पाणी शेंदून आणि खत घालून तो वाढवलेला असतो.

टेकडीवरचा किल्ला लहान आहे. खाली गाडी ठेवून पायऱ्यांनी वर जायला पंधरा-वीस मिनिटे. झाडोरा वाढलेला असेल तर काठी आपटत चाला. वर पोचल्यावर चारी बाजूंनी पाणी, बांध आणि नारळीची रांग दिसते आणि मग २४ नोव्हेंबर १६८३ ची रात्र समजते. त्या रात्री संभाजी महाराजांच्या मावळ्यांनी हा किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय कोंदे दि आल्व्होर स्वतः सैन्य घेऊन आला, जखमी झाला आणि त्याला माघार घ्यावी लागली. पळणाऱ्यांचा पाठलाग करताना महाराजांनी घोडा पाण्यात घातला, भरतीचे पाणी चढले होते, घोडा पोहणीला लागला आणि खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवले, अशी आठवण बखरींमधून आली आहे. किल्ल्याच्या कठड्याशी उभे राहून खालच्या खाडीकडे पाहा. तुम्ही दोन दिवस ज्या पाण्याच्या वेळा बघत फिरता आहात, तेच पाणी.

माशेल, कुंभारजुवें आणि परत

जुवेंहून पूल ओलांडून माशेलला जा. काल चोडणला ज्याची गोष्ट ऐकली तो देवकीकृष्ण इथे आहे. कडेवर बाळकृष्ण घेतलेली देवकी, अशी मूर्ती सहसा कुठे पाहायला मिळत नाही. आषाढी एकादशीनंतर या देवळासमोरच्या मैदानात चिखलकाला रंगतो. गाव तिथे चिखलात खेळते, पाहुण्यांनाही खेळू देतात. जेवण माशेलमध्येच उरका.

कुंभारजुवें शेजारीच आहे. मांडवी आणि झुवारी यांना जोडणारा कुंभारजुवेंचा कालवा इथून जातो. गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी दोन होड्या जोडून त्यावर सांगोड, म्हणजे तरंगता देखावा, निघतो, ते दिवस जमले तर सोन्याहून पिवळे. एरवी पुलावर उभे राहून कालवा पाहा, पण पाण्यात पाय सोडून बसू नका आणि मुलांना काठावर एकटे सोडू नका. या कालव्यात मगरी आहेत. हिवाळ्याच्या सकाळी त्या चिखलावर ऊन खात पडलेल्या दिसतात, दुरून ओंडक्यासारख्या. झुवारीकाठच्या बोरीसारख्या गावांत पौष अमावास्येला शेतकरी मातीची मगर करून तिची पूजा करतात, बांधाची राखणदार म्हणून.

कोणी म्हापशाहून निघत असेल तर पहिला दिवस थोडा बदलता येतो. सकाळी हळदोण्याहून जाड तारांवर तोललेल्या पुलाने खोर्जुवेंला जा. तिथला जांभ्याचा छोटा किल्ला १७०५ चा आहे आणि पुरुषाच्या वेशात सैन्यात शिरलेल्या उर्सुला ई लांकास्त्रे या पोर्तुगीज स्त्रीची कथा त्याच्याशी जोडलेली आहे. तटावरून चालत पूर्ण फेरी मारायला अर्धा तासही लागत नाही. मग मागे येऊन पोंबुर्फ्याच्या धक्क्यावरून फेरीने चोडणला उतरा. अभयारण्य तेव्हा दुपारी पडते, म्हणून तिथी त्या हिशेबाने निवडा. दुपारची भरती हवी तर तृतीया-चतुर्थी बरी.

परतीला बाणस्तारीच्या पुलावरून जुने गोवे आणि तिथून पणजी. गुरुवार असेल तर बाणस्तारीचा आठवड्याचा बाजार भरलेला असतो. सुकी मासळी, मिरच्या, आटवलेला गूळ आणि सकाळी जुवेंला चुकलेले भेंडे तिथे मिळतात. अंधार व्हायच्या आत पोचा, कारण दिवस मावळला की विक्रेत्या बाया टोपल्या बांधायला लागतात.